मेड्युलोब्लास्टोमा: नाव एक, आजार चार

ऑपरेशननंतर काही दिवसांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात येतो आणि त्यावर लिहिलेलं असतं, 'मेड्युलोब्लास्टोमा, ग्रेड ४', म्हणजे गाठींची सगळ्यात वरची, आक्रमक श्रेणी. घरातलं कुणीतरी लगेच मोबाइलवर 'ब्रेन ट्युमर ग्रेड ४' टाकून शोधतं. समोर येते ती बहुतेक वेळा मोठ्या माणसांना होणाऱ्या ग्लायोब्लास्टोमाची माहिती, ज्यात उपचार घेऊनही बरेचसे रुग्ण दोन वर्षं काढत नाहीत. आईवडिलांच्या पायाखालची जमीन सरकते. पण सहा-सात वर्षांच्या मुलाला झालेला मेड्युलोब्लास्टोमा हा वेगळा आजार आहे आणि त्याच्या पोटातही निदान चार वेगवेगळे आजार आहेत. त्यांतल्या एका प्रकारात नीट उपचार मिळाले तर शंभरातली पंच्याण्णवहून जास्त मुलं पाच वर्षांनंतर हयात असतात. दुसऱ्या एका प्रकारात हाच आकडा साठच्या खाली येतो. रिपोर्टवर मात्र दोघांच्याही नावापुढे ग्रेड ४ च लिहिलेलं असतं.

म्हणूनच या गाठीचं वर्गीकरण पालकांनाही कळायला हवं असं मला मनापासून वाटतं. मुलाला किरण (रेडिएशन) किती द्यायचे, कुठली औषधं द्यायची, घरातल्या इतरांची तपासणी करायची का, हे सगळं त्यावर ठरतं.

गाठ कुठे होते आणि काय करते

डोक्याच्या मागच्या भागात, मानेच्या जरा वर, लहान मेंदू असतो. तोल सांभाळणं, हातापायांच्या हालचालींचा मेळ घालणं, बोलताना शब्द स्पष्ट उमटवणं ही त्याची कामं. त्याच्या पुढे ब्रेनस्टेम असतो, म्हणजे श्वास आणि हृदयाचे ठोके चालू ठेवणारा मेंदूचा देठ. या दोघांच्या मध्ये एक पोकळी आहे, तिला चौथी पोकळी म्हणतात. मेंदूत रोज साधारण अर्धा लिटर पाणी तयार होतं, डॉक्टर त्याला सीएसएफ म्हणतात. ते पाणी या चौथ्या पोकळीतूनच बाहेर पडून मेंदूभोवती आणि मणक्यात उतरतं. मेड्युलोब्लास्टोमा नेमका या अरुंद जागेत वाढतो. गाठ मोठी होत गेली की पाण्याची वाट अडते, पाणी मागे तुंबतं आणि डोक्यातला दाब वाढू लागतो. याला हायड्रोसेफॅलस म्हणतात.

सुरुवातीची बहुतेक लक्षणं या तुंबलेल्या पाण्याचीच असतात. मूल सकाळी उठताच डोकं दुखतं म्हणतं, मग उलटी होते, उलटीनंतर थोडं बरं वाटतं आणि दुपारी ते खेळायलाही जातं. आडवं झोपल्यावर डोक्यातला दाब वाढतो, म्हणून त्रास सकाळचा. पण दिवसभर मूल ठीक दिसतं, त्यामुळे घरात आधी पित्त, मग जंत, मग शाळेचा कंटाळा आणि शेवटी चष्म्याचा नंबर अशी कारणं शोधली जातात. यात आईवडिलांना दोष देण्यासारखं काही नाही, कारण सकाळी उलटी करणाऱ्या शंभर मुलांत मेंदूची गाठ असणारं एखादंही नसतं. तरीही काही गोष्टी दिसल्या तर थांबू नये. चालताना पाय फाकवून टाकणं, एका रेषेत टाचेला बोट लावून चालता न येणं, मान एका बाजूला कलती ठेवणं, नव्याने तिरळेपणा येणं, एकाची दोन दिसणं, पूर्वी सुबक असलेलं अक्षर बिघडणं. सकाळच्या उलटीच्या जोडीला यातलं काही असेल तर पोटाची औषधं बदलत बसण्यात अर्थ नाही, डोक्याचा स्कॅन करायला हवा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून पडदा पाहिला तर डोळ्याच्या नसेला आलेली सूज दिसू शकते, आणि कितीतरी मुलांचं निदान असं चष्म्याच्या तपासणीत होतं. अगदी लहान बाळाच्या डोक्याची हाडं अजून जुळलेली नसतात, त्यामुळे त्याचं डोकंच वाढत जातं. टाळू फुगते, बाळ चिडचिडं होतं.

मुलांच्या मेंदूतल्या सगळ्या गाठी मोजल्या तर त्यांत मेड्युलोब्लास्टोमा साधारण पाचातला एक असतो. एकूण कॅन्सरच्या मानाने मात्र तो अगदी दुर्मीळ. अमेरिकेसारख्या मोठ्या देशात वर्षाला काही शे मुलांनाच तो होतो. बहुतेक रुग्ण दहा वर्षांच्या आतले असतात, मुलींपेक्षा मुलगे जास्त. मोठ्या माणसांनाही तो होतो, पण क्वचित.

एक गुणधर्म त्याला बाकीच्या अनेक गाठींपासून वेगळा काढतो. त्याच्या पेशी सुटून त्याच पाण्यातून वाहत जातात आणि मेंदूच्या दुसऱ्या भागावर किंवा मणक्यात रुजतात. म्हणून निदानाच्या वेळी फक्त डोक्याचा एमआरआय पुरत नाही, पूर्ण मणक्याचाही लागतो, तोही कॉन्ट्रास्ट (गाठ ठळक दिसावी म्हणून शिरेतून द्यायचं द्रव्य) देऊन आणि शक्यतो ऑपरेशनच्या आधी. ऑपरेशननंतर मणक्यात उतरलेलं रक्त कधी कधी गाठीसारखं दिसतं आणि गोंधळ होतो. कमरेतून पाणी काढून त्यात कॅन्सरच्या पेशी आहेत का तेही पाहतात, पण ते ऑपरेशननंतर साधारण दोन आठवड्यांनी. डोक्यात दाब असताना कमरेतून पाणी काढणं जिवावर बेतू शकतं.

शंभर वर्षांचा शोध

या गाठीला नाव दिलं अमेरिकेतले न्यूरोसर्जन हार्वे कुशिंग आणि त्यांचे सहकारी पर्सिव्हल बेली यांनी, १९२५ साली. गर्भातल्या मेंदूत 'मेड्युलोब्लास्ट' नावाची एक मूळ पेशी असावी आणि गाठ तिच्यापासून बनत असावी असा त्यांचा अंदाज होता. तशी पेशी पुढे कुणालाच सापडली नाही, नाव तेवढं राहिलं. त्या काळी ऑपरेशन करूनही मुलं वाचत नव्हती, कारण गाठ काढली तरी पाण्यात सांडलेल्या पेशी मागे उरत. १९५३ साली मँचेस्टरहून पॅटरसन आणि फार यांनी दाखवून दिलं की पूर्ण मेंदू आणि पूर्ण मणक्याला किरण दिले तर निम्म्याहून जास्त मुलं तीन वर्षांनंतरही हयात राहतात. या आजारातली ती पहिली खरी आशा होती. पुढे केमोथेरपीची जोड मिळाली आणि निकाल सुधारत गेले.

पण एक कोडं सुटत नव्हतं. दोन मुलं घ्या. वय सारखं, गाठ तेवढीच, दोघांचीही पूर्ण काढली, उपचारही तेच. एक मूल बरं होऊन कॉलेजात जातं आणि दुसऱ्याच्या मणक्यात वर्षभरात आजार परत येतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोघांच्या पेशी सारख्याच दिसत होत्या. उत्तर पेशीच्या आतल्या जनुकांत होतं. २०००च्या दशकात अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी शेकडो गाठींमधली कोणती जनुकं चालू आहेत आणि कोणती बंद, ते मोजायला सुरुवात केली. गाठी आपोआप वेगवेगळ्या गटांत पडू लागल्या. २०१० साली बॉस्टनमध्ये या विषयातले शास्त्रज्ञ एकत्र बसले आणि चार गटांवर एकमत झालं. ते २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अधिकृत वर्गीकरणात जनुकीय गट घेतले आणि २०२१च्या आवृत्तीत ते आणखी बारकाईने मांडले.

चार गट

पहिला विंट गट. दहातला एखादा रुग्ण या गटात येतो. पेशीला 'वाढ' असा निरोप देणारी विंट नावाची एक साखळी शरीरात असते, गर्भाच्या वाढीसाठी ती गरजेची असते. इथे बीटा-कॅटेनिन या प्रथिनाच्या जनुकात बिघाड होतो आणि तो निरोप बंदच होत नाही. अशा पेशींत सहाव्या क्रमांकाच्या गुणसूत्राची एक प्रत बहुधा हरवलेली असते. हा आजार साधारण शाळकरी वयातल्या मुलांना होतो, तीन वर्षांच्या आत जवळपास नाहीच. ही गाठ लहान मेंदूतून न उगवता ब्रेनस्टेमच्या मागच्या पृष्ठभागावरून उगवते असं संशोधनातून दिसलं आहे.

चारही गटांत याचा निकाल सगळ्यात चांगला. मला या गटाबद्दलचं सगळ्यात विलक्षण वाटतं ते त्यामागचं एक कारण. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती फार घट्ट असतात, रक्तातली औषधं त्या सहजासहजी मेंदूत जाऊ देत नाहीत. विंट गटाच्या गाठी अशी काही रसायनं सोडतात की त्यांच्या आतल्या रक्तवाहिन्या गळक्या होतात. त्यामुळे ऑपरेशनच्या वेळी या गाठीतून रक्त जास्त जातं, सर्जनची परीक्षा होते. पण नंतर दिलेली केमोथेरपी त्याच गळक्या भिंतींतून थेट गाठीपर्यंत पोहोचते.

दुसरा गट सॉनिक हेजहॉग, सगळे त्याला एसएचएच म्हणतात. दहातले तीनेक रुग्ण इथे येतात. हेजहॉग जनुक आधी फळमाशीत सापडलं, त्या कामासाठी क्रिस्तियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांना १९९५चं नोबेल मिळालं. माणसाच्या बाळात याच कुळातलं प्रथिन लहान मेंदूच्या पेशींना वाढायला सांगतं. जन्मानंतरही काही महिने ही वाढ जोरात चालू असते आणि मग ती थांबायला हवी. पीटीसीएच१ किंवा एसयूएफयू ही आवर घालणारी जनुकं बिघडली तर ती थांबत नाही. म्हणून हा गट दोन टोकांच्या वयांत दिसतो, तीन वर्षांच्या आतली बाळं आणि मोठी माणसं. मधल्या शाळकरी वयात तो तुलनेने कमी, पण तिथे आढळला तर जास्त धास्तीचा.

ती धास्ती टीपी५३ या जनुकाची. पेशीचा डीएनए बिघडला की तिला थांबवणारं किंवा मारणारं हे जनुक. एसएचएच गटातल्या गाठीत तेही बिघडलेलं असेल तर आजार चिवट होतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने या गटाचे दोन स्वतंत्र प्रकार केले आहेत, टीपी५३ शाबूत असलेला आणि टीपी५३ बिघडलेला. दुसऱ्या प्रकारात हा बिघाड अनेकदा जन्मजात असतो, म्हणजे मुलाच्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत. त्याला ली-फ्रॉमेनी सिंड्रोम म्हणतात. अशा घराण्यात तरुण वयात स्तनाचे, हाडांचे, रक्ताचे कॅन्सर झालेले आढळतात. डॉक्टर जेव्हा 'तुमच्याकडे कुणाला कमी वयात कॅन्सर झाला होता का' असं विचारतात, तेव्हा लाज किंवा भीती न बाळगता आत्या, मामा, आजी सगळ्यांचं सांगावं. त्या उत्तराचा उपचाराशी थेट संबंध असतो.

याच गटात गोर्लिन सिंड्रोमही येतो. पीटीसीएच१ किंवा एसयूएफयूचा बिघाड जन्मजात असेल तर त्या बाळाच्या त्वचेला किरण सोसत नाहीत, जिथे किरण दिले तिथे पुढे त्वचेचे कॅन्सर उगवत राहतात. सुदैवाने दोन-तीन वर्षांच्या बाळांतल्या एसएचएच गाठी बहुधा केमोथेरपीला चांगला प्रतिसाद देतात. जर्मनीतल्या संशोधकांनी अशा बाळांना शिरेतून केमोथेरपी आणि जोडीला मेंदूतल्या पाण्यात मेथोट्रेक्झेट असं देऊन दाखवलं की बहुसंख्य बाळं किरणांशिवाय बरी होतात.

उरलेले दोन गट नुसते आकड्यांचे, गट ३ आणि गट ४. त्यांच्या मुळाशी कुठली एक साखळी बिघडते ते तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, म्हणून नाव देता आलं नाही. रुग्ण मात्र निम्म्याहून जास्त यांचेच. जागतिक आरोग्य संघटना दोघांना मिळून 'विंट नाही, एसएचएच नाही' अशा एकाच मथळ्याखाली ठेवते आणि त्यांच्या आत आठ उपगट मानते.

गट ३ लहान मुलांचा आणि सगळ्यात आक्रमक. निदान होतं तेव्हाच जवळपास निम्म्या मुलांत आजार मणक्यात किंवा मेंदूत इतरत्र पसरलेला असतो. एमवायसी या जनुकाच्या दोन प्रती असायला हव्यात. या गटातल्या काही गाठींत त्या कित्येक पटींनी वाढलेल्या असतात. रिपोर्टवर 'एमवायसी ॲम्प्लिफाइड' असं आलं तर आजार अवघड आहे असं समजावं आणि डॉक्टरांशी खुलेपणाने बोलावं. गट ४ सगळ्यात मोठा, दहातले साडेतीन-चार रुग्ण याचे. मुलगे मुलींच्या जवळपास तिप्पट. निकाल मधला. याची एक खोड आहे, तो उशिरा परततो, कधी कधी पाच वर्षांनंतरही. त्यामुळे या गटातल्या मुलाच्या तपासण्या 'आता पाच वर्षं झाली' म्हणून सोडून देऊ नयेत.

या दोन गटांचं मूळ इतकी वर्षं का सापडत नव्हतं याचा उलगडा २०२२ मध्ये झाला. गर्भातल्या मेंदूच्या ऱ्हॉम्बिक लिप नावाच्या भागातल्या पेशींपासून या गाठी बनतात, आणि त्या भागाची माणसात जी रचना असते ती उंदरात नसतेच. प्रयोगशाळा उंदरांमध्ये शोधत होत्या.

रिपोर्ट कसा वाचायचा

सूक्ष्मदर्शकाखाली ही गाठ निळी दिसते. नेहमीच्या रंगात पेशीचं केंद्रक निळं होतं आणि बाकीचा भाग गुलाबी. इथे पेशी मोहरीच्या दाण्यांसारख्या लहान, गोल आणि खच्चून भरलेल्या, केंद्रकाभोवती जागाच नाही, त्यामुळे सगळं निळंच. काही ठिकाणी पेशी गोल फेर धरून बसलेल्या दिसतात, त्यांना होमर-राइट रोझेट म्हणतात. या दिसण्यावरून रिपोर्टमध्ये चारांपैकी एक शब्द येतो: क्लासिक, डेस्मोप्लास्टिक नोड्युलर, एक्स्टेन्सिव्ह नोड्युलॅरिटी किंवा लार्ज सेल-ॲनाप्लास्टिक. मधले दोन जवळपास नेहमी एसएचएच गटाचे असतात आणि बाळांमध्ये चांगले मानले जातात. शेवटचा सहसा काळजीचा. क्लासिक कुठल्याही गटात सापडतो, म्हणून नुसत्या 'क्लासिक' या शब्दावरून काहीही ठरवता येत नाही.

त्याखाली इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीचा भाग असतो, बोलताना सगळे आयएचसी म्हणतात. गाठीच्या पातळ कापावर अशी द्रव्यं टाकतात जी ठरावीक प्रथिनाला चिकटून तपकिरी रंग देतात. इथे तीन नावं शोधावीत: बीटा-कॅटेनिन, जीएबी१ आणि वायएपी१. बीटा-कॅटेनिन पेशीच्या केंद्रकात दिसलं तर विंट गट. जीएबी१ आणि वायएपी१ दोन्ही पॉझिटिव्ह असतील आणि बीटा-कॅटेनिन केंद्रकात नसेल तर एसएचएच. जीएबी१ आणि वायएपी१ दोन्ही निगेटिव्ह आणि बीटा-कॅटेनिन केंद्रकाबाहेरच, तर गट ३ किंवा ४. त्यांना एकमेकांपासून वेगळं काढणं आयएचसीला जमत नाही. जोडीला पी५३ (टीपी५३ जनुकाचं प्रथिन) आणि आयएनआय१ ही आणखी दोन प्रथिनं असतात. आयएनआय१ गायब असेल तर तो मेड्युलोब्लास्टोमा नसून एटीआरटी नावाचा दुसराच आजार असण्याची शक्यता मोठी, आणि त्याचे उपचार वेगळे.

पक्कं उत्तर देते मेथिलेशन तपासणी. डीएनएवर रासायनिक खुणा असतात आणि कुठली पेशी कुठून आली हे त्या खुणांवरून ओळखता येतं. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या संशोधकांनी २०१८ मध्ये यासाठीची संगणकीय पद्धत प्रसिद्ध केली आणि ती जगभर वापरली जाते. तपासणी महाग आहे, सगळीकडे होत नाही. या अडचणीवर आपल्याकडे काम झालं आहे याचा मला अभिमान वाटतो. टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघर इथल्या ॲक्ट्रेक संस्थेत नीलम शिरसाट यांच्या गटाने २०१३ मध्ये बारा जनुकं आणि नऊ मायक्रोआरएनए (जनुकांचं काम कमीजास्त करणारे छोटे रेणू) मोजून चारही गट ओळखणारी पीसीआर चाचणी तयार केली. ती मेणात जपलेल्या साध्या नमुन्यावर चालते. गाठ काढल्याबरोबर गोठवून ठेवण्याची सोय बहुतेक रुग्णालयांत नसते, म्हणून ही गोष्ट मोलाची.

मेणातल्या त्या नमुन्याला ब्लॉक म्हणतात. तीनेक सेंटिमीटरचा प्लॅस्टिकचा खण, त्यात पांढऱ्या मेणात बसवलेला गाठीचा तुकडा आणि कडेला केसचा नंबर. मूल दुसऱ्या रुग्णालयात न्यायचं असेल तर नुसता कागदी रिपोर्ट नेऊन भागत नाही. ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागून घ्यावे लागतात, नाहीतर पोहोचल्यावर पहिला आठवडा ते मागवण्यातच जातो. ब्लॉक उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये, मेण वितळतं.

गटावरून उपचार कसे बदलतात

उपचारांची चौकट ठरलेली आहे. आधी ऑपरेशन करून जमेल तितकी गाठ काढणं, पण ब्रेनस्टेमला धक्का लावून नाही. त्यानंतर ४८ ते ७२ तासांत एमआरआय करून दीड चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त गाठ उरली आहे का ते पाहतात. ऑपरेशननंतर साधारण चारातलं एक मूल एक-दोन दिवसांनी अचानक बोलायचं थांबतं, रडतं, मान धरत नाही. घरचे हादरतात, सर्जनने काहीतरी चुकवलं असं वाटू लागतं. याला सेरेबेलर म्युटिझम म्हणतात. उत्तम सर्जनच्या हातूनही हे होतं, आणि आठवड्यां-महिन्यांत बोलणं परत येतं, जरी काहींचं थोडं अडखळतच राहतं. ऑपरेशनच्या आधी हे कुणीतरी सांगायला हवं.

त्यानंतर किरण. आजार पसरलेला नसेल तर पूर्ण मेंदू-मणक्याला २३.४ ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक), पसरलेला असेल तर ३६ ग्रे, आणि गाठीच्या जागेला मिळून ५४ ग्रेच्या आसपास. सोबत आणि नंतर व्हिन्क्रिस्टिन, सिस्प्लॅटिन, लोमस्टिन किंवा सायक्लोफॉस्फमाइड अशी केमोथेरपी. तीन वर्षांच्या आतल्या बाळांना पूर्ण मेंदूचे किरण शक्य तोवर टाळतात.

टाळतात कारण वाढत्या मेंदूला किरणांची किंमत मोजावी लागते. मूल जितकं लहान आणि मात्रा जितकी जास्त, तितकी शिकण्याची गती, लक्ष आणि स्मरण मागे पडतं. वाढीचे हार्मोन कमी होतात, थायरॉइड मंदावतं, मणक्याची वाढ खुंटते. म्हणून जगभर प्रश्न एकच आहे, किरण कुणाचे आणि किती कमी करता येतील. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत तीन ते सात वर्षांच्या, आजार न पसरलेल्या मुलांची मात्रा २३.४ वरून १८ ग्रेवर आणली. गट न बघता सरसकट कमी केल्यावर आजार परत येण्याचं प्रमाण वाढलं. गाठीच्या जागेचा जादा डोस लहान भागापुरता ठेवणं मात्र सुरक्षित ठरलं. हे निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

मग निदान विंट गटाचं तरी कमी करता येईल? टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी मोजक्या मुलांत मेंदू-मणक्याचे किरण पूर्ण वगळून फक्त गाठीच्या जागेला दिले. काही मुलांत आजार मेंदूत इतरत्र आणि मणक्यात परतला, आणि त्यांनी चाचणी वेळीच थांबवली. पूर्ण वगळणं चालत नाही हे जगाला मुंबईतून कळलं. आता इथे आणि परदेशातही प्रयत्न आहे तो या गटाला मेंदू-मणक्याचे किरण देऊन मात्रा घटवण्याचा. कुणी इंटरनेटवर वाचून 'आमचं विंट आहे, किरण नकोत' असा आग्रह धरत असेल तर त्यांना हे जरूर सांगावं. उलट एसएचएच गटात टीपी५३ जन्मजात बिघडलेलं असेल तर किरणांमुळे दुसरा कॅन्सर होण्याचा धोका असतो, तिथे तारेवरची कसरत असते.

प्रोटॉन किरणांबद्दल पालक हमखास विचारतात. चेन्नईत खासगी आणि खारघरला ॲक्ट्रेकमध्ये हे उपचार मिळतात. प्रोटॉन ठरावीक खोलीवर थांबतात, त्यामुळे मणक्याला किरण देताना पुढचं हृदय, फुप्फुसं, आतडी, थायरॉइड वाचतात. हा फायदा खरा आहे. पण पूर्ण मेंदूला द्यायची मात्रा दोन्हीकडे सारखीच असते, आणि आजार आटोक्यात येण्यात प्रोटॉन सरस आहेत असं दिसलेलं नाही. प्रोटॉनच्या रांगेसाठी महिनाभर थांबण्यापेक्षा नेहमीचे किरण वेळेत सुरू करणं केव्हाही बरं. ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांत किरण सुरू व्हायला हवेत.

खर्चाची चिंता असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी पहिल्याच दिवशी करावी, कागदपत्रं जमेपर्यंत वेळ जातो.

उपचार संपल्यावर काही वर्षं ठरावीक अंतराने मेंदूचा आणि मणक्याचा एमआरआय होतो. एसएचएच गट परतला तर बहुधा गाठीच्या जुन्या जागी, आणि गट ३ व ४ परतले तर बहुतेक वेळा मेंदूत इतरत्र किंवा मणक्यात, म्हणून मणक्याचा स्कॅन वगळू नये. सिस्प्लॅटिनमुळे उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. मूल हाक ऐकतं पण वर्गात स, श, फ हे उच्चार चुकवतं, त्यामुळे ऑडिओमेट्री दरवर्षी करावी. उंची आणि वजन दर भेटीला नोंदवावं, थायरॉइड आणि वाढीच्या हार्मोनची तपासणी लक्षणं दिसायची वाट न पाहता करावी. शाळेत परत पाठवताना वर्गशिक्षिकेला लेखी कळवावं की मुलाला लिहायला आणि उत्तर द्यायला जास्त वेळ लागेल. महाराष्ट्रात बोर्डाच्या परीक्षेत दिव्यांग विद्यार्थ्यांना लेखनिक आणि जादा वेळ मिळतो, त्यासाठीचं प्रमाणपत्र नववीतच काढून ठेवावं.